त्या व्हाउचरवर सही करू नका

प्रश्न: कांदिवलीतल्या एका सोसायटीच्या बाहेरच्या गिलाव्याचं आणि रंगाचं काम मी केलं. परांची बांधलेलीच होती, म्हणून तेव्हाच्या सेक्रेटरींनी गच्चीचं वॉटरप्रूफिंगही तोंडी सांगून करून घेतलं. काम संपून दोन वर्षं नऊ महिने झाले, ११ लाख बाकी आहेत. नवी कमिटी म्हणते, गच्ची करारात नाही. ४ लाख घ्या आणि 'पूर्ण व अंतिम' लिहून द्या. काय करू?

उत्तर: कमिटीने सहीसाठी दिलेल्या व्हाउचरचा फोटो पाहिला. रकमेखाली बारीक अक्षरात 'यापुढे कसलीही मागणी उरलेली नाही' असं छापलंय. त्यावर सही करू नका. मजुरांचे पैसे थकले की माणूस अशी सही करून बसतो, आणि ती दबावाखाली केली हे सिद्ध करणं मग त्याच्याच गळ्यात येतं. ४ लाख देत असतील तर चेकने घ्या, पावतीवर 'बाकीपैकी' एवढंच लिहा.

मला खरी काळजी तारखेची वाटते. केलेल्या कामाचे पैसे मागायची मुदत १९६३च्या मुदत कायद्याने तीन वर्षं. पैसे कधी द्यायचे हे करारात ठरलेलं नसेल, तर ती काम झाल्यापासून मोजतात. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम तीन महिने आहेत. तुम्ही पाठवलेली सतरा स्मरणपत्रं आणि 'एजीएमनंतर (वार्षिक सभेनंतर) बघू' ही आश्वासनं, यांनी मुदत एक दिवसही वाढत नाही. बाकी मान्य असल्याचं सोसायटीच्या सहीचं पत्र मुदतीच्या आत मिळालं, तर तिथून नवी तीन वर्षं. पण त्याची वाट पाहत बसू नका.

तुमच्या कराराच्या शेवटच्या पानावर लवादाचं कलम आहे, म्हणजे वाद कोर्टाऐवजी लवादाकडे, नेमलेल्या पंचाकडे, न्यायचा. तेव्हा १९९६च्या लवाद कायद्याच्या कलम २१ खाली, वाद लवादाकडे नेत असल्याची नोटीस द्या. ती मुदतीच्या आत सोसायटीला पोचली पाहिजे, नुसती पाठवून भागत नाही. स्पीड पोस्टाने पाठवाच, शिवाय एक प्रत ऑफिसात देऊन शिक्का घ्या. लवाद सोसायटीचे अध्यक्षच नेमतील, असं करारात लिहिलंय. त्याने दबू नका. वादात ज्याचा हितसंबंध आहे त्याने एकट्याने लवाद नेमायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्येच सांगितलंय. नावावर एकमत झालं नाही तर मुंबई हायकोर्टात अर्ज करता येतो.

गच्चीचं काम लेखी नसलं तरी बुडालेलं नाही. फुकट करायच्या इराद्याने केलं नसेल आणि सोसायटीने त्याचा लाभ घेतला असेल, तर १८७२च्या करार कायद्याचं कलम ७० मोबदला देतं. मात्र 'लेखी मंजुरीशिवाय जादा काम नाही' अशी अट तुमच्या करारात आहे, आणि सोसायटी तीच पुढे करणार. म्हणून पुरावा भक्कम हवा. सेक्रेटरींचा 'गच्ची पण करून टाका, बिलात घेऊ' हा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज ज्या फोनवर आहे, तो विकू नका, फॉरमॅट करू नका. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, २०२३च्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. गच्चीत पाणी भरून घेतलेल्या टेस्टचे तेव्हाचे फोटोही शोधून ठेवा.

मेजरमेंट बुकात, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहितात त्या वहीत, गच्चीच्या मापांवर कन्सल्टंटच्या इंजिनीअरची सही आहे का, हे आजच बघा. नसेल तर तो इंजिनीअर सध्या कुठे आहे ते शोधा. त्याची साक्ष लागेल.