प्रशांत महासागरात देवमाशांच्या शिकारीला गेलेलं पहिलं जहाज कोणतं?

पहिलेपणाचा मान साधारणपणे 'एमिलिया'ला दिला जातो. लंडनच्या सॅम्युअल एंडर्बी अँड सन्स या पेढीचं हे जहाज, कप्तान जेम्स शील्ड्स. १७८८ साली ते लंडनहून निघालं आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न वळून प्रशांत महासागरात शिरलं.

एवढ्या लांब का जायचं? अटलांटिकमध्ये शिकार करून करून देवमासे कमी झाले होते, आणि लंडनच्या दिव्यांना देवमाशांचं तेल तर रोज हवं. त्यात स्पर्म व्हेल या जातीच्या देवमाशाच्या डोक्यातून निघणारा मेणासारखा पदार्थ मेणबत्त्यांसाठी सर्वांत उत्तम. तिकडचं पाणी ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीत येत होतं. १७८६ च्या कायद्याने ती मक्तेदारी थोडी सैल झाली, म्हणूनच हा प्रवास शक्य झाला.

मार्च १७८९ मध्ये चिलीच्या किनाऱ्याजवळ पहिला स्पर्म व्हेल मारला गेला. हार्पून, म्हणजे दोरी बांधलेला भाला, फेकणारा होता आर्केलस हॅमंड, अमेरिकेतल्या नँटकेट बेटाचा. इंग्रजी जहाजावर नँटकेटचा माणूस, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. भांडवल लंडनचं होतं, पण त्या काळी या शिकारीचं खरं कसब नँटकेटकरांच्या हातात होतं.

१७९० च्या मार्चमध्ये जहाज १३९ टन तेल घेऊन परतलं. हा टन वजनाचा नव्हे, पिंपाच्या मापाचा: एक टन म्हणजे २५२ गॅलन. बातमी पसरली आणि इतर जहाजंही त्याच वाटेला लागली. नँटकेटचं 'बीव्हर' १७९१ मध्येच निघालं. त्या समुद्रातल्या स्पर्म व्हेलची बेसुमार कत्तल तिथून सुरू झाली.