कडी तीनदा वाजवली की…

“मॅडम, चाळिशी आली माझी. तरी रात्री अंथरुणाला पाठ टेकली की मी दुसऱ्याच दुनियेत जाते. जादूच्या. हे बरं नाही ना?”

दाराकडे एकदा बघून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं. बँकेत अधिकारी, आठ वर्षांची मुलगी, घरात सासू-सासरे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) हा प्रश्न माझ्याकडे बरेच जण आणतात, पण बहुतेकदा दुसऱ्याच कुठल्या तक्रारीच्या आडून.

लहानपणी मे महिन्यात त्या आजोळी जायच्या. माडीवरच्या अडगळीच्या खोलीला पितळी कडी होती. तिन्हीसांजेला ती तीनदा वाजवायची, डोळे मिटायचे आणि दार ढकलायचं. पलीकडे जंगल असणार, बोलणारा घोडा असणार आणि नावानं हाक मारून कुणीतरी म्हणणार, ‘तुझीच वाट बघत होतो.’ आत निघायचं गोधड्यांचं गाठोडं आणि मोडका पाळणा. तरी दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा कडीपाशी. सांगताना त्यांची बोटं हवेतच कडी धरल्यासारखी वळली होती.

“आता तिथे गेल्यावर काय करता?” मी विचारलं.

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “झोपते.”

ना राक्षस, ना तलवार. एक कोरडी गुहा, गवताची शेज, बाहेर पाऊस. आणि तिथे त्यांचं नाव कुणालाच ठाऊक नाही. दहा-बारा भावंडांच्या गलक्यात वाढलेल्या त्या मुलीला कुणीतरी नेमकी तिलाच हाक मारायला हवी होती. आता दिवसभर ‘मॅडम’, ‘सूनबाई’, ‘आई’ ऐकणाऱ्या बाईला कुणीच हाक मारू नये असं वाटत होतं. दार तेच होतं, मागणं मात्र पार बदललं होतं.

नेहमीची चौकशी मी केलीच. किती वेळ जातो, कामं अडतात का, थांबवता येतं का? इस्राएलमधले मानसशास्त्रज्ञ एली सोमर यांनी २००२ साली अशा लोकांविषयी लिहिलं, जे तासन्‌तास दिवास्वप्नांत बुडतात आणि ज्यांची कामं, नाती त्यापायी मागे पडतात. तसं होत असेल तर मदत घ्यायलाच हवी. या बाईंची मात्र पंधरा-वीस मिनिटं, आणि मुलगी कुशीवर वळली तरी लगेच भानावर.

मी त्यांना एमिली आणि अ‍ॅन या इंग्रज लेखिका ब्राँटी बहिणींबद्दल सांगितलं. ‘गोंडल’ नावाचं राज्य त्यांनी लहानपणी मनानं रचलं होतं. १८४५ साली, पंचविशी गाठलेल्या या दोघी यॉर्कच्या सहलीला गेल्या, तेव्हाही त्या गोंडलमधली माणसं होऊन खेळत होत्या. एमिलीनंच तसं लिहून ठेवलंय. ऐकून त्या पहिल्यांदा मोकळं हसल्या.

खरं दुखणं तिसऱ्या भेटीत निघालं. लेकीला गोष्ट वाचून दाखवताना नायिका जादूच्या दारातून गेली की त्यांचा गळा दाटून यायचा. “मला तिची आई दिसते हो. सकाळी रिकामं अंथरूण बघणारी.” त्या कधीच्या उंबरठ्याच्या अलीकडे राहिल्या होत्या, आणि आईनं तिथेच थांबायचं असतं असं त्यांनी धरून चाललं होतं.

मग आम्ही गुहेबद्दल कमी आणि घराबद्दल जास्त बोललो. झोप किती मिळते, रात्रीचं आवरतं कोण, नवऱ्याला यातलं काय सांगितलंय. सांगितलं काहीच नव्हतं. ते सांगायलाच दोन आठवडे गेले. शेवटी शनिवारची संध्याकाळ त्यांच्या नावावर झाली, स्वयंपाकघर नवऱ्याकडे. पहिले दोन शनिवार त्या नुसत्या झोपल्या.

तिसऱ्या शनिवारी लेकीनं जेवणाच्या टेबलावर चादर टाकून किल्ला केला आणि नेहमीसारखं फर्मान सोडलं, “आई, तू दाराशी पहाऱ्याला थांब.”

“नाही,” त्या म्हणाल्या, “आज मी आत येणार.” आणि टेबलाच्या पायावर तीनदा टकटक केलं.