गंगेतल्या मगरी आणि अकरावीचा निबंध

प्रश्न : आम्ही कॅथलिक नाही. मुलगी येत्या वर्षी इथल्या कॅथलिक हायस्कूलमध्ये नववीत जाईल. सोशल स्टडीजच्या नावाखाली धर्मच शिकवतात का?
– एक पालक, शिकागो

उत्तर : धर्म शिकवतात, पण वेगळ्या तासाला. थिऑलॉजी (धर्मशास्त्र) हा स्वतंत्र विषय असतो. बहुतेक शाळांत तो चारही वर्षे सक्तीचा असतो आणि इतर धर्मांच्या मुलांनाही सहसा सूट मिळत नाही. सोशल स्टडीजचा नेहमीचा क्रम असा: नववी-दहावीत जगाचा इतिहास, अकरावीत अमेरिकेचा, बारावीत एक सत्र शासनव्यवस्था आणि एक सत्र अर्थशास्त्र. मानसशास्त्र, समाजशास्त्र ऐच्छिक. शाळा खासगी असल्याने सरकारी शाळेचा तक्ता तिथे जसाच्या तसा लागू नसतो. मध्येच शाळा बदलली की एखादा सक्तीचा विषय राहून गेल्याचे तेव्हा कळते, म्हणून कोर्स कॅटलॉग आधीच मागून घ्या.

दोन्ही विषय एकमेकांना भिडतात तिथे मात्र चांगली शाळा ओळखू येते. औद्योगिकीकरणाच्या धड्यात पोप तेरावे लिओ यांचे १८९१चे ‘रेरम नोव्हारम’ हे पत्रक वाचायला देतात. त्यात कामगारांच्या संघटनेचा हक्क आणि जगण्यापुरते वेतन यांची बाजू मांडली आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांचे १९६३चे बर्मिंगहॅमच्या तुरुंगातले पत्र एपी गव्हर्नमेंटच्या (एपी म्हणजे हायस्कूलमध्येच घेता येणारा कॉलेजच्या पातळीचा विषय, त्याच्या परीक्षेला पाचपैकी गुण मिळतात) नऊ अनिवार्य दस्तऐवजांपैकी एक आहे. अन्यायी कायदा कोणता, हे सांगताना किंग त्यात ऑगस्टीन आणि थॉमस अक्वायनस या जुन्या ख्रिस्ती धर्मचिंतकांचा आधार घेतात. हीच नावे मुलीला थिऑलॉजीच्या तासाला भेटलेली असतील, तर तिचेच काम हलके होईल. शिवाय १९२५चा पिअर्स खटला आहेच. मुलांना सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती करणारा ओरेगॉनचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने त्यात एकमताने रद्द केला. कॅथलिक शाळेने हा निकाल शिकवू नये, म्हणजे कमालच!

ओपन हाउसला (पालकांना शाळा दाखवतात त्या दिवशी) चकचकीत माहितीपत्रकावर जाऊ नका. इन्क्विझिशनच्या (चर्चने पाखंडी ठरवलेल्यांवर चालवलेल्या खटल्यांच्या) धड्याचा गृहपाठ दाखवा म्हणावे. कागदपत्रे एकाच बाजूची असली, तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच मिळाले.

प्रश्न : मुलगा एपी यू.एस. हिस्ट्रीला आहे. सनावळ्या तोंडपाठ, तरी डीबीक्यूत (दिलेल्या दस्तऐवजांच्या आधारे लिहायच्या निबंधात) सातपैकी दोन-तीनच गुण पडतात. शिक्षिका ‘सारांश नको’ एवढाच शेरा मारतात.

उत्तर : शेरा बरोबर आहे, पण अपुरा. सात दस्तऐवज, साठ मिनिटे, आणि एकूण निकालात पंचवीस टक्के वजन. गुणांची वाटणी अशी: दावा १, पार्श्वभूमी १, दस्तऐवजांचा वापर २, बाहेरचा पुरावा १, दस्तऐवजाची पारख १, गुंतागुंतीची जाण १. तीन दस्तऐवजांतला मजकूर नेमका सांगितला की एक गुण मिळतो. दुसरा हवा असेल, तर किमान चार दस्तऐवज दाव्याच्या कामी लावावे लागतात. पाठांतरवाली मुले अडतात ती इथे.

एक चित्र घ्या. १८७१मध्ये ‘हार्पर्स वीकली’त थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराचे ‘द अमेरिकन रिव्हर गँजीस’ (अमेरिकेतली गंगा) छापून आले. पाण्यातून मगरी सरपटत येताहेत. नीट पाहिले की कळते, त्या बिशप आहेत आणि त्यांच्या उंच टोप्या म्हणजेच मगरींचे जबडे. काठावर भेदरलेली शाळकरी मुले. मुलगा लिहितो, ‘दस्तऐवज ३मध्ये बिशप मगरी दाखवले आहेत.’ हा सारांश झाला. त्याऐवजी असे लिहावे: ‘कॅथलिक शाळांना सार्वजनिक पैसा देण्यावरून न्यूयॉर्कमध्ये वाद पेटला असताना नास्टने बिशपांना मगरी केले. आयरिश कॅथलिक स्थलांतरितांविषयीची भीती सरकारी शाळेच्या रक्षणाच्या नावाने कशी विकली गेली, ते यातून दिसते.’ यात दस्तऐवज दाव्याला जुंपला गेला. चित्र केव्हा आणि कशासाठी काढले हेही आल्यामुळे पारखही झाली. अशी पारख किमान दोन दस्तऐवजांची लागते. ‘लेखक पक्षपाती आहे’ एवढे लिहून काहीच मिळत नाही. पक्षपात कुठून आला आणि त्यामुळे दाव्याला काय फरक पडतो, ते लिहायचे.

बाहेरचा पुरावा म्हणून इथे १८७५ची ब्लेन घटनादुरुस्ती चालेल. धार्मिक शाळांना सरकारी पैसा बंद करू पाहणारा हा प्रस्ताव सेनेटमध्ये पडला. मात्र पार्श्वभूमीत वापरलेली गोष्टच इथे पुन्हा मांडली, तर तिचा गुण दुसऱ्यांदा मिळत नाही.

पंधरा मिनिटे वाचन, पाच मिनिटे आराखडा, चाळीस मिनिटे लेखन. आराखड्यात दावा एका वाक्यात, आणि प्रत्येक दस्तऐवजापुढे ‘हा कशाला?’ याचे तीन-चार शब्द. हे शब्द सुचेनात, तर दस्तऐवजाला दोष देऊ नये. दावाच ढिला आहे. ‘स्थलांतरामुळे अनेक बदल झाले’ हा दावा नव्हे, त्याच्याशी कोण वाद घालणार?

प्रश्न : बारावीत एपी गव्हर्नमेंट घ्यावे की मॅक्रोइकॉनॉमिक्स (समष्टी अर्थशास्त्र)?

उत्तर : निबंधात हात बसला असेल तर गव्हर्नमेंट, आलेख काढायला आवडत असतील तर मॅक्रो. क्रेडिटसाठी (म्हणजे कॉलेजने तो विषय झाल्याचे धरावे यासाठी) किती गुण लागतात हे कॉलेजागणिक बदलते, कुठे तीन, कुठे पाच. यादीतल्या कॉलेजांची संकेतस्थळे पाहून मगच ठरवा.