वाचकांचे प्रश्न : तंत्र आधी कोणाचे, शैवांचे की बौद्धांचे?

तंत्रपरंपरेचा उगम आणि वाढ या विषयावर सातारा-सांगलीकडच्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांतून निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : आमच्या वाचनमंडळात दोन तट आहेत. एकाचे म्हणणे, तंत्र अथर्ववेदातून निघाले. दुसऱ्याचे, ते बौद्धांनी आणले आणि हिंदूंनी उचलले. खरे काय? (विटा)

दोन्ही तट घाईत आहेत. अथर्ववेदात जारण-मारणाची, रोग घालवण्याची सूक्ते आहेत हे खरे. पण तंत्राची ओळख ज्या गोष्टींनी पटते त्या तिथे नाहीत : मंडल काढून दिलेली दीक्षा, गुरूकडून मिळालेला मंत्र, देवतेशी एकरूप होण्याची कृती, आणि या सगळ्यातून याच जन्मी मोक्ष किंवा सिद्धी मिळण्याचा दावा. हे सगळे एकत्र दिसायला इसवी सनाचे पाचवे शतक उजाडते.

तारखा लावता येतील असेच पुरावे घेऊ. मथुरेच्या एका स्तंभलेखात (इ.स. ३८०) पाशुपत (शैव संन्याशांचा जुना पंथ) आचार्यांची गुरुपरंपरा नोंदलेली आहे. पाशुपत अजून तांत्रिक नव्हेत, पण राख फासणे, लोकनिंदा ओढवून घेणे, स्मशानात राहणे हे त्यांचे व्रत पुढच्या शैव तंत्रांनी घेतले. मग राजस्थानातल्या गंगधार इथला शिलालेख, मालव संवत् ४८०, म्हणजे इ.स. ४२३-२४. एका मंत्र्याने मातृकांचे देऊळ बांधले, ते डाकिनींनी भरलेले आहे, असे तो सांगतो, आणि ‘तंत्र’ हा शब्दही तिथे येतो. हाताशी असलेल्या शैव तंत्रांत सर्वांत जुना ग्रंथ ‘निःश्वासतत्त्वसंहिता’. त्याची नवव्या शतकातली ताडपत्री पोथी नेपाळात टिकली. त्याचे सर्वांत जुने भाग पाचव्या-सहाव्या शतकातले मानतात.

बौद्धांकडे धारणी, म्हणजे रक्षणासाठी म्हणायचे मंत्रसमूह, याआधीपासून होते. पण मंडल, अभिषेक आणि बुद्धत्वप्राप्ती यांची एकत्र मांडणी करणारे ‘महावैरोचन’ तंत्र सातव्या शतकाच्या मध्यावर येते. नालंदेत शिकलेल्या शुभाकरसिंहाने त्याचे चिनी भाषांतर ७२५ च्या सुमारास पुरे केले. त्यानंतर वेग वाढतो : आठव्या शतकात ‘गुह्यसमाज’, मग ‘हेवज्र’ आणि ‘चक्रसंवर’, अकराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘कालचक्र’.

मग कोणी कोणाचे घेतले? ऑक्सफर्डचे अभ्यासक अ‍ॅलेक्सिस सँडरसन यांनी ‘चक्रसंवर’ तंत्रातले श्लोकच्या श्लोक ‘ब्रह्मयामल’, ‘सिद्धयोगेश्वरीमत’ अशा शैव ग्रंथांशी ताडून दाखवले. दिशा कशी ठरते, तर चुकांवरून. शैव नाव काढून बौद्ध नाव घातले की अक्षरे कमी-जास्त होतात, छंद मोडतो. कुठे वाक्याचा कर्ताच हरवतो. मूळ शैव पाठ समोर ठेवला की ते वाक्य नीट लागते. उसने घेतल्याची कबुली बौद्ध ग्रंथ आपल्या पद्धतीने देतातही : ‘मंजुश्रीमूलकल्प’ सांगतो की शैवांचे मंत्र मुळात मंजुश्रीनेच शिकवले. पण म्हणून बौद्ध तंत्र ही नुसती नक्कल ठरत नाही. शून्यता (कशालाच स्वतःचे स्वतंत्र अस्तित्व नसणे) आणि बोधिचित्त (सर्वांसाठी बुद्धत्व मिळवण्याचा संकल्प) हा त्याचा गाभा महायानातलाच आहे. हत्यारे शेजाऱ्याकडून आणली, बांधलेले घर मात्र स्वतःचे.

हे फक्त दूरच्या काश्मीर-बंगालात चालले होते असेही नाही. बदामीचा चालुक्य राजा पहिला विक्रमादित्य याने ६६० साली सुदर्शनाचार्यांकडून शिवमंडलदीक्षा घेतल्याचा ताम्रपट आहे. कृष्णाकाठ तेव्हा याच घराण्याच्या अमलाखाली होता; दुसऱ्या पुलकेशीचा भाऊ विष्णुवर्धन याचा ताम्रपट तर ‘सातारा ताम्रपट’ म्हणूनच ओळखला जातो. राजाला दीक्षा, आचार्याला जमीन, मठाला उत्पन्न : तंत्र देशभर पसरण्यामागे स्मशानातल्या साधकांपेक्षा या व्यवहाराचा हात मोठा होता, असे आमचे मत आहे.

वाद घालताना एक पथ्य पाळा. ‘शिव म्हणाले, हे पार्वती’ अशी सुरुवात असली म्हणजे ग्रंथ प्राचीन ठरत नाही, कारण शिव-पार्वती संवादाची ही चौकट पुष्कळ शैव-शाक्त तंत्रांत असते, जुन्यांत आणि नव्यांतही. बाजारात सर्रास मिळणारे ‘महानिर्वाणतंत्र’ बहुतेक अभ्यासकांच्या मते अठराव्या शतकातले आहे.

प्रश्न : बौद्ध धर्म आत्मा मानत नाही, ईश्वरही मानत नाही. मग तारा, हेवज्र अशा देवतांची उपासना त्यात कशी बसते? (मिरज)

उपासनेचा क्रम पाहिला की हे सुटते. हरित तारेची साधना घ्या. आधी त्रिशरण, मग सर्व प्राण्यांसाठी बुद्धत्व मिळवीन हा संकल्प. त्यानंतर ‘ॐ स्वभावशुद्धाः सर्वधर्माः स्वभावशुद्धोऽहम्’ म्हणत स्वतःसकट सगळे शून्यात विरते अशी भावना. त्या शून्यातून चंद्रबिंब, बिंबावर ‘तां’ हे बीज, बीजातून तारा. आणि ती तारा म्हणजे साधक स्वतः. ही झाली मनाने घडवलेली, समयसत्त्व. मग ज्ञानसत्त्व, म्हणजे प्रत्यक्ष ज्ञानरूप देवता, आवाहन करून तिच्यात मिसळायचे, ‘ॐ तारे तुत्तारे तुरे स्वाहा’ या दहा अक्षरांचा जप करायचा, आणि शेवटी देवता पुन्हा बीजात, बीज शून्यात.

शेवटची पायरी गाळली की साधना फसते. देवता खरोखर बाहेर कुठे आहे, किंवा मी खरोखर देव झालो, अशी पकड राहते, आणि ती सोडवण्यासाठी तर सगळा खटाटोप. म्हणून गुरू विसर्जनावर जास्त वेळ घालवायला लावतात.

आपल्याकडची भूतशुद्धी याच्या शेजारी ठेवून बघा. पृथ्वी जलात, जल तेजात, तेज वायूत, वायू आकाशात असा लय, ‘यं’ने देह सुकवायचा, ‘रं’ने जाळायचा, ‘वं’च्या अमृताने भिजवून नवा घडवायचा, मग न्यास, म्हणजे अंगोपांगी मंत्र ठेवणे. ‘देव होऊन देवाची पूजा करावी’ हे सूत्र दोन्हीकडे लागू पडते. फरक शेवटाला. ‘शैव सिद्धांत’ या पंथात आत्मा शिवासारखा होतो पण वेगळा राहतो. अभिनवगुप्तांच्या (दहाव्या-अकराव्या शतकाचा संधिकाल) काश्मिरी अद्वैतात तो शिवच असल्याचे ओळखतो. बौद्धांकडे ओळखायला कोणी उरत नाही.

दीक्षेतला एक विधी तर दोघांचा जवळजवळ एकच आहे. रंगीत चूर्णांनी काढलेल्या मंडलापुढे शिष्याला डोळे बांधून आणायचे आणि मंडलावर फूल टाकायला लावायचे. ते ज्या भागात पडेल त्यावरून शैवांत शिष्याचे दीक्षानाम ठरते, बौद्धांत त्याची देवता. जपानी भिक्षू कूकाई ८०५ साली चीनमध्ये दीक्षा घेत असताना दोन मंडलांवर त्याचे फूल दोन्ही वेळा महावैरोचनावरच पडले, असे त्याची परंपरा सांगते.

प्रश्न : योगवर्गात सात चक्रे आणि त्यांचे सात इंद्रधनुषी रंग शिकवतात. ही तंत्रातली मूळ मांडणी आहे का? (वाई)

रंगांची ती ओळ विसाव्या शतकात पाश्चात्त्य पुस्तकांतून आली. चक्रांची संख्याही कधी एक नव्हती. हेवज्र परंपरेत चारच चक्रे : नाभीशी निर्माणचक्र (६४ पाकळ्या), हृदयात धर्मचक्र (८), कंठात संभोगचक्र (१६), मस्तकात महासुखचक्र (३२). आज परिचित असलेली (माथ्यावरचे सहस्रार सोडून) सहा चक्रे कुब्जिका देवतेच्या परंपरेत स्थिरावली. १५७७ मध्ये बंगालच्या पूर्णानंदांनी ‘षट्चक्रनिरूपण’ लिहिले, त्याचा इंग्रजी अनुवाद जॉन वुड्रॉफ यांनी १९१९ साली छापला, आणि तीच मांडणी जगभर झाली.

या सहांच्या पाकळ्या मोजा : ४, ६, १०, १२, १६, २. बेरीज ५०, म्हणजे संस्कृत वर्णमालेची अक्षरे. प्रत्येक पाकळीवर एक वर्ण. चक्रे ही शरीरशास्त्राची नोंद नसून मंत्र ठेवायच्या जागा आहेत, हे या बेरजेवरून कळते. म्हणूनच ग्रंथागणिक आकडे बदलले तरी जुन्या आचार्यांना त्यात काही खटकले नाही. ‘अमुक चक्र म्हणजे अमुक ग्रंथी’ अशी कोष्टके भिंतीवर लावायची काहीच गरज नाही.

प्रश्न : शिराळ्याला गोरक्षनाथ, जवळच मच्छिंद्रगड. नाथ हे तांत्रिक होते का? ज्ञानेश्वरीशी याचा संबंध काय? (बत्तीस शिराळा)

मच्छिंद्र हे नाव दोन्ही धर्मांच्या सीमेवर उभे आहे. शैव कौलमार्गाचा प्रवर्तक म्हणून अभिनवगुप्त ‘तंत्रालोका’च्या आरंभी मच्छंदाला वंदन करतात, म्हणजे तो इ.स. १००० च्या आधीचा. तिबेटी परंपरेच्या चौऱ्याऐंशी सिद्धांमध्ये मीनपा (मच्छिंद्र) आणि गोरक्ष दोघेही आहेत. नेपाळात पाटणचा रातो मच्छिंद्रनाथ बौद्धांसाठी अवलोकितेश्वर असतो. त्याचा रथ दोन्ही समाज ओढतात.

गोरक्षांचा काळ मात्र याच्या बराच नंतरचा मानतात, त्यामुळे दोघांना समोरासमोरचे गुरुशिष्य धरले की कालगणना अडते. मधल्या काळात कौलांची योगिनीपूजा मागे पडली, आणि तिथली कुंडलिनी हठयोगात आली. ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२, इ.स. १२९०) सहाव्या अध्यायात तेच दिसते : वज्रासन, मूळबंध, जालंधर, उड्डियान, मग जागी झालेली कुंडलिनी. गीतेच्या त्या श्लोकांत कुंडलिनीचे नाव नाही. ‘पिंडें पिंडाचा ग्रासु’ हा नाथांचा संकेत आहे, असे ज्ञानदेव स्वतःच सांगून टाकतात. तंत्राचा हा धागा आपल्याकडे वारकऱ्यांच्या घरात, रोज वाचल्या जाणाऱ्या पोथीत आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही.

प्रश्न : पंचाक्षरी मंत्राचे पुरश्चरण करायचे आहे. हिशोब कसा धरावा? (तासगाव)

पुरश्चरण म्हणजे ठरावीक संख्येचा जप आणि त्याला जोडलेले विधी. सर्वसाधारण नियम : मंत्रात जितकी अक्षरे तितके लाख जप, त्याच्या दहाव्या हिश्शाने होम, होमाच्या दहाव्या हिश्शाने तर्पण, मग त्याच प्रमाणात मार्जन (मंत्राने पाणी शिंपडणे) आणि भोजन. ‘नमः शिवाय’ची पाच अक्षरे, म्हणजे जप ५ लाख, होम ५०,०००, तर्पण ५,०००, मार्जन ५००, आणि ५० जणांना जेवण. १०८ मण्यांच्या माळेचे १०० धरतात, वरचे आठ चुकभूल म्हणून सोडतात. रोज ३० माळा केल्या तर १६७ दिवस लागतात.

अडचण येते ती होमात. एका आहुतीला दोनच ग्रॅम तूप धरले तरी १०० किलो तूप झाले. म्हणून होम शक्य नसेल तर होमसंख्येच्या दुप्पट जप, इथे आणखी एक लाख, अशी सवलत आहे. काही ग्रंथ कलियुगात सगळेच चौपट करायला सांगतात. त्यामुळे आपल्या गुरुपरंपरेत काय चालते ते संकल्पाआधीच विचारा. मधेच आकडा बदलता येत नाही.

बिघडते ते साध्या गोष्टींत : पहिल्या आठवड्यात उत्साहाने साठ माळा आणि मग वीसवर घसरण (रोजची संख्या तीच राहायला हवी), माळेला तर्जनी लागणे, मेरुमणी ओलांडणे (तिथून माळ उलटी फिरवायची), रोज नवी जागा.

प्रश्न : आगाशिवच्या लेण्यांत वज्रयानाच्या खुणा आहेत का? (कराड)

नाहीत. ती साठेक लेणी वज्रयानाच्या, म्हणजे बौद्ध तंत्रमार्गाच्या, कित्येक शतके आधीची आहेत : स्तूप, चैत्य, भिक्षूंच्या कोठड्या. महाराष्ट्रात मंडल पाहायचे तर वेरूळचे बारावे लेणे, तीन ताल, गाठावे. तिथे एका चौकटीत नऊ घरे कोरली आहेत, मधोमध बुद्ध आणि भोवती आठ बोधिसत्त्व. कान्हेरीच्या ४१ व्या लेण्यातला अकरा मुखांचा अवलोकितेश्वरही पाहण्यासारखा आहे. सातव्या शतकात याच राज्यात कापालेश्वराच्या पूजेसाठी आणि तिथल्या महाव्रतींसाठी (कवटी बाळगणाऱ्या शैव साधूंसाठी) इगतपुरीजवळचे गाव दान दिल्याचा चालुक्य ताम्रपट आहे. तो शैव बाजूचा.

प्रश्न : ‘तांत्रिक’ म्हणवणारा एक जण वशीकरणासाठी पैसे घेतो. ग्रंथांत असे खरेच आहे का, आणि कायदा काय म्हणतो? (सातारा)

ग्रंथांत आहे. शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन, मारण ही षट्कर्मे शैव आणि बौद्ध दोन्ही तंत्रांत सापडतात, आणि ती नाकारून तंत्राला सोज्वळ करण्यात अर्थ नाही. पंचमकारांचेही (मद्य, मांस, मत्स्य, मुद्रा, मैथुन) तसेच. ते कौलमार्गात होते; शैव सिद्धांताच्या देवळी पूजेत नव्हते; आणि अनेक घराण्यांनी त्यांना पर्याय दिले, जसे मद्याऐवजी काशाच्या भांड्यातले नारळपाणी. (यातली ‘मुद्रा’ म्हणजे भाजलेले धान्य, हाताची खूण नव्हे.) पण ही कर्मे दीक्षित साधकाने लांबलचक पूर्वसेवेनंतर करायची असतात. दरपत्रक लावून बसलेल्याला त्याच ग्रंथांत अधिकार नाही.

कायदा स्पष्ट आहे. मूळ साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर त्याच महिन्यात, ऑगस्ट २०१३ मध्ये, वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी अधिनियम मंजूर झाला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड ५,००० ते ५०,००० रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. पूजा, जप, हरिपाठ, कीर्तन यांना तो लागू नाही. अलौकिक शक्तीचा दावा करून फसवणे, दहशत घालणे, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे यांना लागतो. तक्रार पोलीस ठाण्यात करा. या कायद्याखाली दक्षता अधिकारी नेमलेले असतात. जाताना पैसे पाठवल्याची नोंद, मोबाइलवरचे संदेश आणि त्याची जाहिरात किंवा पत्रक सोबत न्या, आणि त्याने दिलेले ताईत-भस्म फेकून देऊ नका.