सांगलीत कॉलेजला येतोयस? आधी एवढं कर

दिसत नाही म्हणून महागडं सॉफ्टवेअर घ्यायच्या फंदात पडू नकोस. एनव्हीडीए हा कॉम्प्युटरचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, फुकट आहे, मराठीही वाचतो. आवाज यंत्रासारखा आहे, पण कान सरावतात. अँड्रॉइड मोबाईलवर तेच काम करणारा टॉकबॅक आहेच.

खरी डोकेदुखी नोट्सची. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसता फोटो, त्यापुढे स्क्रीन रीडर मुका. ती गुगल ड्राइव्हवर टाकून गुगल डॉक्समध्ये उघड, मजकूर मिळतो. जोडाक्षरं मात्र कुणाकडून तरी तपासून घे. सरांची फाईल श्रीलिपीच्या जुन्या फाँटमधली असेल तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी ऐकू येईल. "सर, युनिकोडमध्ये द्या" (म्हणजे स्क्रीन रीडरला वाचता येईल अशा मराठी अक्षरांत) हे पहिल्याच आठवड्यात सांग. लाजतोस कशाला?

यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, नसेल तर सिव्हिल हॉस्पिटलचा फेरा आताच उरक. परीक्षेत तुझी उत्तरं लिहून देणारा लेखनिक आणि जादा वेळ, म्हणजे तासाला किमान 20 मिनिटं, यासाठीचा अर्ज लेखी दे आणि पोच घे. तोंडी सांगितलं की "बघू" म्हणतात आणि हॉल तिकीट येईपर्यंत बघतच राहतात. सुगम्य पुस्तकालय या अंधांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात नावही नोंदव, तिथली पुस्तकं ऑनलाइन मिळतात.