इंजिन खोलायच्या आधी ब्लॉकवरचा नंबर वाचा

देवगडच्या भाऊंना,

तुमचं लिहिणं काल रात्री दोनदा वाचलं. आठ वर्षं वापरलेली फायबरची बोट, सहा सिलिंडरचं इंजिन, घेऊन जेमतेम दोन महिने झालेत. ऑइल दुधासारखं व्हायला लागलंय, सकाळी पांढरा धूर निघतो, लांब गेलं की तापतं. मिस्त्री म्हणतो हाफ इंजिन करू, म्हणजे इंजिन खोलून पिस्टन, रिंगा वगैरे बदलू, पावणेदोन लाख. शेजारचे नाखवा म्हणतात त्यात पैसे घालू नका, दारूखान्यातून, म्हणजे मुंबईच्या भंगार बाजारातून, दुसरं इंजिन उचलून आणा. आणि हंगाम चालू आहे, खलाशांना उचल देऊन झाली आहे. सात वर्षांपूर्वी मी अगदी याच जागी उभा होतो. म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आधीच सांगतो, मी मिस्त्री नाही आणि वकीलही नाही. बोट चालवणारा माणूस आहे. मला कळतं ते इनबोर्ड डिझेलचं, म्हणजे बोटीच्या पोटात बसवलेल्या इंजिनाचं; मागे बाहेर टांगलेल्या आउटबोर्डवाल्यांनी यातलं काही आपल्याला लावून घेऊ नये. नियमही अधूनमधून बदलतात, तेव्हा तुमच्या मच्छीमार सोसायटीच्या सचिवांना एकदा विचारून घ्या.

दुरुस्ती की बदल, हे ठरवण्याआधी एक काम करा. वायर ब्रश आणि रॉकेलचं फडकं घेऊन इंजिनापाशी बसा आणि ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर, ठोकलेला नंबर शोधा. रिव्हेटने बसवलेली पत्र्याची पाटी नव्हे, ती कुणीही काढून दुसरीकडे लावू शकतो. ओतीव लोखंडावर ठोकलेला नंबर बघायचा. बहुतेक वेळा त्यावर रंगाचे चारपाच थर असतात. रंग खरवडा, वर खडू घासा, आकडे उठून दिसतील. फोटो काढा आणि नोंदणीच्या कागदावरचा इंजिन नंबर शेजारी ठेवून एकेक आकडा जुळवा.

मी हे केलं नव्हतं. मला सगळ्यात महाग पडलं ते हेच.

माझी बोट ज्यांच्याकडून घेतली ते म्हातारे गृहस्थ सरळ होते. व्यवहार झाला, कागद हातात आले, नावावर करायचं काम मी ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणून पुढे ढकललं. नोव्हेंबरात ऑइल पांढरं झालं. इंजिन खोललं, लाइनर, पिस्टन, रिंगा बदलल्या, क्रँक वीस थाऊला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ग्राइंड केला, हेड घासून सपाट केलं. दोन लाख दहा हजार गेले. काम झकास झालं, त्या मिस्त्रीबद्दल आजही माझी तक्रार नाही. मग नाव बदलण्यासाठी बोटीची पाहणी झाली. साहेबांनी रंग खरवडायला लावला आणि नंबर निघाला तो भलताच. आधीच्या मालकांनी चार वर्षांपूर्वी ब्लॉक फुटला म्हणून अख्खं इंजिनच बदललं होतं आणि नोंद कुठेच केली नव्हती. बिल नाही, जुनं भंगारात घातल्याची पावती नाही. ते गृहस्थ तोपर्यंत वारले होते, मुलगा आखातात. म्हणजे कागदाच्या दृष्टीने माझ्या बोटीत नसलेल्या इंजिनावर मी दोन लाख दहा हजार घातले होते.

चूक माझीच, ते मान्य आहे. पण त्यानंतर नोंदणीच्या कार्यालयात जे झालं त्याचा राग अजून जात नाही. पहिल्या खेपेला सांगितलं, प्रतिज्ञापत्र आणा. नेलं. मग सोसायटीचा ना-हरकत दाखला. तोही नेला. मग जुन्या मालकाची सही. ते हयात नाहीत म्हटल्यावर वारस दाखला. मग टेबल बदललं, नवीन माणसाने पहिल्यापासून सुरुवात केली. अकरा खेपा घातल्या. प्रत्येक खेपेला एसटीने जायचं, दुपारी दोनपर्यंत बाकावर बसायचं आणि ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकून परत यायचं. कुणी एकदाही कागदावर लिहून दिलं नाही की नेमकं काय काय लागतं. तोंडी सांगितलेलं दर वेळी वेगळं.

नोंद नाही म्हणून नावावर होत नाही, नावावर नाही म्हणून परवान्याचं नूतनीकरण नाही, परवाना नाही म्हणून डिझेलवरचा परतावा नाही. समुद्रात कागद तपासले गेले तर वेगळीच भानगड. डिसेंबरपासून बोट जेटीला बांधलेली. उचल घेतलेले खलाशी किती दिवस थांबणार? दुसऱ्यांच्या बोटीवर गेले, त्यांना मी दोष देत नाही, त्यांचीही पोटं आहेत. बघता बघता १ जूनची बंदी आली आणि हंगाम हातचा गेला. दुरुस्तीचा खर्च एका बाजूला ठेवला, तर बांधलेल्या बोटीचं नुकसान त्याच्या तिपटीहून जास्त झालं. तांत्रिकदृष्ट्या उत्तम झालेलं इंजिन सहा महिने नुसतं बसून होतं.

सुटलं कसं तेही सांगतो. पुतण्याने माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकला. एकच प्रश्न विचारला: नोंदणीकृत मासेमारी नौकेचं इंजिन बदलल्याची नोंद करायला कोणती कागदपत्रं लागतात, त्याची यादी द्या. तीस दिवसांच्या आत उत्तर आलं. यादीत चार गोष्टी होत्या, त्यातल्या दोन माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होत्या. तेव्हापासून माझा नियम आहे, कुठल्याही कार्यालयात अर्ज दिला की प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यायचीच. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

आता तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध. दुरुस्तीत ब्लॉक तोच राहतो, म्हणून नंबरही तोच राहतो. दारूखान्यातलं इंजिन आणलंत की नंबर बदलतो, म्हणजे नोंद, पाहणी, फेऱ्या. शेजारचे नाखवा ज्या किमती सांगतात त्यात हा खर्च कधीच धरलेला नसतो. त्यामुळे नंबर जुळत असेल आणि ब्लॉक धड असेल, तर माझं मत सरळ दुरुस्तीच्या बाजूने. नंबर जुळत नसेल, तर इंजिनावर एक रुपयाही घालायच्या आधी विकणाऱ्याला गाठा. दोनच महिने झालेत, माणूस हाताशी आहे, सही करू शकतो. माझ्याजवळ ती वेळ उरली नव्हती. त्यांच्याकडून इंजिनाचं बिल, जुन्याचं काय केलं याचा कागद, जे मिळेल ते आत्ता घ्या. अश्वशक्तीचा आकडाही जुळवून बघा, लोक तो विसरतात.

आता इंजिनाबद्दल. तुमचा मिस्त्री हाफ इंजिन म्हणतोय, पण पाणी आलं कुठून हे त्याने सांगितल्याचं तुमच्या लिहिण्यात कुठे दिसलं नाही. ते कळल्याशिवाय खोलू देऊ नका. नाहीतर नव्या रिंगा घालाल आणि पाणी परत त्याच वाटेने येईल.

एका काचेच्या बाटलीत ते दूध झालेलं ऑइल घ्या आणि रात्रभर न हलवता ठेवा. पुष्कळदा तळाला थोडं पाणी सुटून येतं. ते पाणी खारं की गोडं, यावर अर्धं उत्तर ठरतं, कारण इंजिनात फिरणारं पाणी गोडं असतं आणि त्याला थंड करणारं समुद्राचं. चाखू नका, विष आहे ते. ओळखीत कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत कुणी असेल तर सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून मागा. खाऱ्या पाण्यात दह्यासारखा पांढरा साका लगेच बसतो. तुलनेला शेजारी तुमच्या विहिरीचं पाणी ठेवा, कारण किनाऱ्यावरच्या विहिरीतही थोडा क्षार असतोच.

खारं निघालं तर ऑइल कूलर, समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपाचं सील, किंवा ओल्या एक्झॉस्टमधून उलटं आलेलं पाणी. यातल्या पहिल्या दोन गोष्टी इंजिन न खोलता सुटतात, काही हजारांत. गोडं निघालं तर हेड गॅस्केट, हेडला तडा, किंवा ओले लाइनर (ज्यांच्या बाहेरून थेट पाणी फिरतं ते) असतील तर त्यांच्या खालच्या रबरी रिंगा. तळाखालून पाइप फिरवून थंड करायची पद्धत असेल आणि तो पाइप कुठे झिजला असेल, तर थंड करायचं पाणीच खारं होतं आणि हा सगळा हिशेब चुकतो. म्हणून थंड करायच्या पाण्याच्या टाकीतलं पाणीही तपासा.

आणखी एक शक्यता. तुम्ही बोट ऑगस्टमध्ये घेतलीत, म्हणजे पावसाळाभर ती शाकारून ठेवलेली असणार. एक्झॉस्टचा पाइप उभा असेल आणि त्यावर डबा घालायचा राहिला असेल, तर पावसाचं पाणी सरळ मॅनिफोल्डमधून सिलिंडरात उतरतं. तेव्हा ऑइल न बदलता तसंच चालवलं गेलं असेल. पण दोन महिन्यांत ऑइल बदलूनही परत दूध होत असेल तर कारण हे नाही.

खारं पाणी आत गेल्याची खात्री झाली तर बोट नुसती बांधून विचार करत बसू नका. त्याच दिवशी ऑइल काढा, नोझल काढून सिलिंडरातलं पाणी बाहेर काढा, डिझेल घालून इंजिन हाताने फिरवा, नवं ऑइल भरा. खाऱ्या पाण्याने बेअरिंग आणि लाइनर चार दिवसांत गंजतात. दुरुस्ती की बदल हा निर्णय मग तोच घेऊन टाकतो.

खोलायचंच ठरलं तर टप्प्याने जा. आधी सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडा किती यापेक्षा सहांमध्ये फरक किती हे बघा. पाच सारखे आणि एकच पडलेला असेल तर रोग एका जागी आहे. सगळेच उतरलेले असतील तर इंजिन म्हातारं झालंय. मग हेड काढा आणि तिथे थांबा. ब्लॉकचं आणि हेडचं प्रेशर टेस्टिंग करून घ्या. क्रँकवर मागे किती थाऊ काम झालंय ते मोजून घ्या. तीस थाऊवर गेलेला क्रँक परत ओरखडला असेल तर मी पुढे पैसे घालणार नाही. ब्लॉक आणि क्रँक दोन्ही धड, तर दुरुस्ती. दोन्हींतलं एक गेलं, तर सोडा. हे माझं मत आहे, तुमचा मिस्त्री मला वेड्यात काढेल कदाचित. त्याने पावणेदोन सांगितलेत, तुम्ही सव्वादोनची तयारी ठेवा. खोलल्यावर काहीतरी निघतंच.

दारूखान्याचा रस्ता धरलातच तर पक्कं बिल आणि त्यावर नंबर, याशिवाय टेम्पोत चढवू नका. ट्रकचं इंजिन आणि बोटीचं इंजिन ब्लॉकने सारखं दिसलं तरी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि थंड करायची व्यवस्था वेगळी असते. फ्लायव्हील हाउसिंग तुमच्या गिअरला बसतं का, ते आधी मापून जा. गुजरातेत अलंगला जहाजं तोडतात, तिथून येणारी लाइफबोटीची इंजिनं चकचकीत दिसतात, कमी चाललेलीही असतात, पण त्यांचे सुटे भाग शोधताना जीव जातो. सहा सिलिंडरच्या ट्रकच्या घराण्यातलं इंजिन असलं की निदान रत्नागिरीत मिरकरवाड्यापासून कुठल्याही हमरस्त्यावरच्या गॅरेजपर्यंत भाग आणि माणूस मिळतो. तुमचं चालू इंजिन त्यातलंच असेल तर ही त्याची मोठी जमेची बाजू धरा.

खलाशांना खरं सांगा की पंधरा दिवस लागतील. माझी माणसं गेली त्याला निम्मं कारण हे, की मी रोज ‘उद्या’ म्हणत राहिलो.

आज संध्याकाळी ओहोटीला बोट टेकली की नंबर बघा आणि ऑइल बाटलीत भरून ठेवा. दोन्हींचे फोटो टाका. नंबरचे मधले आकडे झाकून टाका, सगळ्यांना दाखवायची गरज नाही. थंड करायची व्यवस्था पाइपची आहे की पेटीतल्या कूलरची, तेही लिहा, मग पुढचं सांगतो.