नैरोबीत घर बघताय ना, मग आधी पाणी विचारा

भाडं नंतर बघ, आधी ऑफिस कुठंय ते सांग. वेस्टलँड्सला असेल तर सरळ पार्कलँड्समध्ये शोध, भारतीयांची जुनी वस्ती आहे, डायमंड प्लाझात कढीपत्ता तूरडाळ सगळं मिळतं आणि आगा खान हॉस्पिटल जवळच, घरात लहान मूल असलं की हे फार मोलाचं असतं बघ. शहराबाहेर स्योकिमाऊला भाडं कमी पडतं पण तिथून वेस्टलँड्सला यायच्या एक्सप्रेसवेचा टोल रोज परवडेल का, आणि टोल वाचवायचा तर खालच्या मोम्बासा रोडचं ट्रॅफिक. आणि मेन म्हणजे पाणी! मी पहिल्या घरात टँकर मागवून मागवून कंटाळले होते. बोअरवेल आहे का, लाइट गेली की जनरेटरवर लिफ्ट चालते का, हे एजंटला नाही, गेटवरच्या अस्कारीला, म्हणजे वॉचमनला विचार. मार्च ते मे पावसाचे, तेव्हा गल्लीत पाणी साचतं का तेही त्यालाच माहीत असतं.